धूळवेढ्या ताऱ्यांचा शोध : प्रकल्प नोंदी (जून २०२० ते जानेवारी २०२१)

२८ जून २०२०, रविवार. माणगाव

काल संध्याकाळी वीज आली. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या आळीत चोवीस दिवसांनी दिवे लागले, आणि ज्या कामाचा बेत वादळाच्या आदल्या संध्याकाळी ठरला होता ते आज सुरू करता आले. २ जूनला नासाकडून एक बातमी आली होती. ‘डिस्क डिटेक्टिव्ह’ या प्रकल्पातल्या हौशी स्वयंसेवकांच्या मदतीने एक तपकिरी बटू (ताऱ्याहून लहान पण ग्रहाहून मोठी वस्तू) सापडला असून, आपल्यापासून सुमारे ३३२ प्रकाशवर्षांवर असलेल्या त्या जेमतेम ३७ लाख वर्षे वयाच्या वस्तूभोवती ग्रह घडवू शकणारी वायू आणि धुळीची चकती आहे, असे तिच्यात म्हटले होते. या जातीच्या ज्ञात वस्तूंत ती आपल्याला सर्वांत जवळची आहे. दुर्बिणीवाल्या मंडळींनी असे काही शोधले असते तर आम्ही बातमी वाचून बाजूला ठेवली असती. पण संगणकासमोर बसून चित्रे न्याहाळणाऱ्या सामान्य माणसांचा त्यात वाटा आहे, हे वाचून सरांनी फोन केला आणि पावसाळ्याचे चार महिने हेच करावे असे सुचवले.

आमच्या गटात सध्या चौघे आहेत : भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, बँकेत काम करणाऱ्या सुनीताताई, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आणि टाळेबंदीमुळे घरी परतलेला ओंकार, आणि नोंदी ठेवणारा मी. टाळेबंदीमुळे एकत्र बसणे शक्य नसल्याने प्रत्येकाने आपापल्या घरून काम करावे आणि रविवारी फोनवर मते जुळवून पाहावीत, असे ठरले.

प्रकल्पाची ओळख एकदाच लिहून ठेवतो. नासाच्या गोडार्ड केंद्रातील मार्क कुचनर यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प ३० जानेवारी २०१४ रोजी झूनिव्हर्स या स्वयंसेवी संशोधनाच्या संकेतस्थळावर सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात स्वयंसेवकांनी दहा लाखांच्या आसपास वर्गीकरणे केली. आता नव्या रूपात तो पुन्हा सुरू झाला आहे आणि या वेळी भर आहे तो जवळपासच्या तरुण तारकागटांमधल्या छोट्या, थंड, तांबड्या ताऱ्यांवर. सगळी मूळ सामग्री ‘वाइज’ नावाच्या अवकाश दुर्बिणीची आहे. डिसेंबर २००९ मध्ये सोडलेल्या या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने २०१० साली अवरक्त प्रकाशात संपूर्ण आकाश टिपले, आणि त्यातून तयार झालेल्या सूचीत सुमारे ७४ कोटी ७० लाख वस्तू आहेत.

५ जुलै २०२०, रविवार

पहिला आठवडा हात बसवण्यात गेला. एखादी वस्तू उघडली की एकाच जागेची एकामागून एक चित्रे सरकतात : आधी जुन्या छायाचित्रण-पट्ट्यांवरून घेतलेली दृश्य प्रकाशातली, मग ‘टूमास’ या सर्वेक्षणातली निकट अवरक्तातली, आणि शेवटी वाइजची ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन तरंगलांबीची. मध्यभागी एक लाल वर्तुळ आणि फुलीची खूण असते. विचारलेले प्रश्न लहान मुलाला समजतील इतके साधे आहेत. वस्तू गोल आहे का? फुलीवरून सरकते का? वर्तुळात आणखी कोणी आहे का? वर्तुळाबाहेर पसरते का? की यांपैकी काहीच नाही? या शेवटच्या पर्यायावर खूण करता आली तरच तो तारा चांगला उमेदवार ठरतो. थोडक्यात, आम्ही चकती शोधत नाही. चकती नसण्याची कारणे शोधतो आणि एकही सापडले नाही तरच पुढे जातो.

सुनीताताईंनी पहिल्याच दिवशी विचारले की संगणक हे का करू शकत नाही. प्रश्न रास्त आहे. चकतीची खूण म्हणजे तिच्या धुळीमुळे २२ मायक्रॉनला दिसणारा जादा उजेड, आणि उत्तर त्याच चित्राच्या धूसरतेत आहे. ३.४ मायक्रॉनला वाइजची नजर सुमारे ६ आर्कसेकंदांपर्यंतचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारकावे वेगळे करते. २२ मायक्रॉनला मात्र हा आकडा १२ आर्कसेकंद होतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाचा साधारण दीडशेवा भाग. हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते, पण आकाशाच्या एवढ्या तुकड्यात मागची एखादी धुळकट दीर्घिका, शेजारचा एखादा तांबडा तारा किंवा धुळीच्या ढगाची एखादी शेपटी सहज मावते. सूचीतल्या ओळीत या सगळ्यांचा प्रकाश एकत्र होऊन एकाच ताऱ्याच्या नावावर जमा होतो. खातेवहीत दुसऱ्याची रक्कम चुकून आपल्या खात्यावर पडावी तसे हे आहे, असे ताई म्हणाल्या. ही उपमा गटात रूढ झाली असून आता ओंकारही नाकारलेल्या वस्तूपुढे ‘परकी रक्कम’ असा शेरा लिहितो.

या पहिल्या आठवड्यातले आमच्या चौघांचे कल असे दिसले : सर फार कडक, प्रत्येक अंधुक ठिपक्याला दुसरी वस्तू मानणारे, ओंकार फार उदार, ताई बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये. माझे मत अजून ठरलेले नाही. एकाच वस्तूवर अनेक जणांची मते घेऊन निर्णय करण्याची प्रकल्पाची पद्धत किती शहाणपणाची आहे, हे चार माणसांतच कळले.

१९ जुलै २०२०, रविवार

काम थोडे, पाऊस फार. सध्या देशभर ज्या धूमकेतूची चर्चा आहे तो मावळतीनंतर वायव्येला दिसतो, पण कोकणातून जुलैत वायव्य क्षितिज दिसण्याची आशा कोणी करू नये. पाच संध्याकाळी गच्चीवर गेलो आणि पाचही वेळा भिजून परत आलो. नोंद करण्याचे कारण इतकेच की धूमकेतूचे ‘निओवाइज’ हे नाव आमच्याच दुर्बिणीचे आहे. २०१० च्या उत्तरार्धात शीतकरणासाठीचा गोठवलेला हायड्रोजन संपल्यावर १२ आणि २२ मायक्रॉनचे शोधक निकामी झाले. काही काळ झोपवून ठेवलेली दुर्बीण २०१३ मध्ये पुन्हा जागी केली गेली आणि उरलेल्या दोन पट्ट्यांवर ती आता लघुग्रह व धूमकेतू शोधते. मार्चच्या २७ तारखेला तिलाच हा पाहुणा प्रथम दिसला. आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे : २२ मायक्रॉनचे संपूर्ण आकाशाचे जे चित्र आमच्याकडे आहे ते २०१० च्या काही महिन्यांचे आहे, आणि या दुर्बिणीकडून ते पुन्हा कधीही घेतले जाणार नाही. एखाद्या वस्तूबद्दल शंका आली तर ‘आणखी एकदा पाहू’ ही सोय नाही.

२ ऑगस्ट २०२०, रविवार

आजची नोंद माझ्या चुकीची आहे आणि ती सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मी किमान तीन आठवडे ती करत होतो.

जी वस्तू चित्रे सरकताना फुलीवरून बाजूला जाते तिला ‘सरकते’ असा शेरा देऊन मी नाकारत होतो. तर्क सरळ होता. दृश्य प्रकाशातला तारा फुलीच्या एका बाजूला आणि अवरक्तातला उजेड दुसऱ्या बाजूला असेल, तर उजेड त्या ताऱ्याचा नव्हे, शेजाऱ्याचा आहे. परवा मात्र एका तांबड्या ताऱ्यावर ओंकारने आक्षेप घेतला. तो तारा पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत एकाच दिशेने, थोडा थोडा, शिस्तीत सरकत होता. ओंकारने त्याची निजगती, म्हणजे आकाशातले त्याचे स्वतःचे सरकणे, काढून दाखवली : दरवर्षी आर्कसेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांशाइतकी. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्या ढोबळमानाने १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या, टूमासची चित्रे १९९७ ते २००१ मधली, आणि वाइजची २०१० ची. म्हणजे चित्रांचा क्रम रंगांचा आहे असे मी समजत होतो, पण तो जवळजवळ काळाचाही क्रम आहे. वीस वर्षांत हा तारा सहा-सात आर्कसेकंद सरकला, तो आपल्या पायांनी. शेजाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

यात मन खाणारी गोष्ट अशी की आकाशात लक्षात येण्याजोगा सरकणारा तारा बहुधा आपल्या जवळचा असतो, आणि जवळचे तारेच या प्रकल्पाला सर्वांत मोलाचे आहेत. चकती जवळच्या ताऱ्याभोवती असेल तर मोठ्या दुर्बिणींनी तिचे थेट चित्र घेण्याची आणि तिच्यातल्या ग्रहाचा माग काढण्याची शक्यता असते. मी नेमके तेच तारे बाजूला टाकत होतो.

सरांनी यावर जो नियम सांगितला तो आता गटाचा नियम झाला आहे. वाइजच्या चारही पट्ट्यांची चित्रे एकाच दुर्बिणीने एकाच वेळी टिपलेली आहेत, त्यामुळे ३.४ पासून २२ मायक्रॉनपर्यंत ताऱ्याला सरकायला वेळच मिळालेला नाही. या चार चित्रांच्या आत मध्यबिंदू हलला, तर ते स्थलांतर कधीच खरे नसते. तिथे बहुधा दुसरी वस्तू असते. जुन्या पट्ट्यांपासून वाइजपर्यंत एका रेषेत होणारे सरकणे मात्र निजगतीशी ताडून पाहिल्याशिवाय दोष मानू नये. नियम कळल्यावर तो इतका उघड वाटला की आधी सुचला कसा नाही याची लाज वाटली. मी ज्यांच्यावर खूण केली त्या वस्तू अनेकांनी पाहिलेल्या असतात, म्हणून माझ्या एकट्याच्या मताने त्यांतली एखादी कायमची हरवली असण्याची शक्यता कमी आहे. तरीही जेवढ्या वस्तूंचे क्रमांक माझ्या वहीत आहेत त्या सगळ्या पुन्हा तपासायला घेतल्या आहेत.

१६ ऑगस्ट २०२०, रविवार

आज वस्तू कमी पाहिल्या आणि हिशेब जास्त केला. ओंकारला ‘२२ मायक्रॉनच का’ याचे समाधान हवे होते, आणि सरांनी फोनवर दीड तास वर्ग घेतला. त्याचा गोषवारा असा.

कोणत्याही तापलेल्या वस्तूचा उजेड कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असतो हे तिच्या तापमानावर ठरते. २८९८ या संख्येला केल्व्हिनमधील तापमानाने भागले की मायक्रॉनमध्ये उत्तर येते. सूर्यासारखा ५८०० केल्व्हिनचा तारा अर्ध्या मायक्रॉनला शिखर गाठतो. उलट २२ मायक्रॉनला शिखर गाठणारी वस्तू सुमारे १३२ केल्व्हिनची, म्हणजे उणे १४१ अंश सेल्सिअसची असते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एवढे तापमान असलेला धूलिकण पृथ्वी–सूर्य अंतराच्या साधारण साडेचारपट अंतरावर बसतो. आपल्याकडे ती जागा लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेर आणि गुरूच्या अलीकडे येते. म्हणजे आम्ही ज्या धुळीचा उजेड पाहतो आहोत ती ग्रहांच्या वस्तीतली धूळ आहे.

ही धूळ टिकत नाही, ही त्यातली खरी गंमत. ताऱ्याचा प्रकाश कणांवर पडतो आणि पुन्हा उत्सर्जित होतो तेव्हा कणांच्या कक्षीय गतीतला थोडा भाग हरवतो आणि कण गोल फिरत आत ढासळतात. आणखी बारीक कण प्रकाशदाबाने थेट बाहेर फेकले जातात. साडेचारपट अंतरावरच्या मायक्रॉनएवढ्या कणाला आत कोसळायला काही हजार ते काही दहा हजार वर्षे पुरतात. ज्या ताऱ्याचे वय कोट्यवधी वर्षे आहे त्याच्याभोवती आज अशी धूळ दिसत असेल, तर तिथे लघुग्रह किंवा धूमकेतूंसारखे मोठे गोळे अजूनही एकमेकांवर आदळत असले पाहिजेत. अतिशय तरुण ताऱ्यांभोवतीची धूळ मात्र वेगळी : ती तारा घडताना उरलेली असते आणि तिच्याबरोबर वायूही असतो.

दुसरा हिशेब निवडीच्या अटीचा. धूळ नसलेल्या उघड्या ताऱ्याची ३.४ आणि २२ मायक्रॉनमधली प्रत (तेजस्वितेचे माप) जवळपास सारखी भरते. पहिल्या टप्प्यात प्रकल्पाने अशा वस्तू घेतल्या ज्यांच्यात हा फरक ०.२५ प्रतीहून जास्त होता. २२ मायक्रॉनचा उजेड अपेक्षेच्या सव्वापटीहून किंचित जास्त, एवढाच या आकड्याचा अर्थ. तांबड्या बटूंच्या बाबतीत हा हिशेब जपून करावा लागतो, कारण त्यांचे वातावरण थंड असल्याने धूळ नसतानाही हा फरक शून्यावर नसतो. ओंकारने काढलेल्या तक्त्यात ही सुधारणा नव्हती. ती त्याने रात्रीच केली आणि त्याच्या यादीतली पाच नावे गळाली. तो जरा हिरमुसला आहे.

३० ऑगस्ट २०२०, रविवार

गणपतीमुळे दहा दिवस काम रेंगाळले. आज चौघेही फोनवर होते आणि ताईंनी मनातले बोलून टाकले : शंभर वस्तू पाहिल्या की नव्वदांहून अधिक नाकाराव्या लागतात, मग आपण नेमके काय मिळवतो आहोत?

यावर सरांनी २०१८ सालचा एक शोधनिबंध वाचून दाखवला. स्वयंसेवकांच्या चाळणीतून पार पडलेल्या २६१ वस्तू पालोमार वेधशाळेतल्या दीड मीटरच्या आणि चिलीतल्या लास कॅम्पानास येथील अडीच मीटरच्या दुर्बिणींनी पुन्हा बारकाईने पाहिल्या गेल्या. त्यांतल्या फक्त ७ टक्के नाकाराव्या लागल्या. म्हणजे माणसांच्या डोळ्यांनी ज्यांना चांगले म्हटले ते बहुतेक चांगलेच निघाले. त्याच निबंधातला दुसरा आकडा अधिक बोचरा आहे : वाइजच्या सूचीत अवरक्त उजेड जास्त दिसणाऱ्या वस्तूंपैकी फार तर ७.९ टक्के खऱ्या उमेदवार असतात. केवळ आकड्यांवर विसंबून काढलेल्या आधीच्या काही याद्यांना हे प्रमाण लावले, तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक नोंदी चुकीच्या ठरतात. त्या याद्या नामांकित नियतकालिकांत छापल्या गेल्या होत्या. शेवटी २४४ उमेदवार टिकले, त्यांतले २१३ पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते, आणि ३१ सुमारे चारशे प्रकाशवर्षांच्या आतले होते.

ताई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे नव्वद नाही म्हटले म्हणूनच ते आठ विश्वासाचे.” त्यानंतर त्यांनी आजच्या राहिलेल्या चाळीस वस्तू पाहून संपवल्या.

२५ ऑक्टोबर २०२०, रविवार. दसरा

मधल्या आठवड्यांच्या नोंदी वहीत आहेत. त्यांत वस्तूंच्या क्रमांकांखेरीज लिहिण्यासारखे काही नाही. आज पावसाळ्यानंतर प्रथमच सर्व दिशा स्वच्छ मिळाल्या आणि अंतर राखून का होईना, तिघे सरांच्या गच्चीवर जमलो. वायव्येला अभिजित खाली उतरत होता आणि नऊच्या सुमारास दक्षिणेला फोमलहॉट आपल्या सर्वांत उंच जागी, क्षितिजापासून चाळीसेक अंश वर आला होता. हे दोन्ही तारे सुमारे २५ प्रकाशवर्षांवर आहेत आणि दोघांभोवती धुळीची चकती आहे. साऱ्या शोधाची सुरुवात अभिजितपासून झाली. १९८३ साली ‘आयरस’ हा अवरक्त उपग्रह उपकरणांचे प्रमाणीकरण करण्यासाठी या भरवशाच्या ताऱ्याकडे वळवला गेला आणि दूर-अवरक्तात तो हिशेबापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी निघाला. ज्या ताऱ्याला शून्य प्रतीचा मापदंड मानून इतर तारे मोजले जात, तोच धुळीने वेढलेला निघावा, याचे मला आजही हसू येते.

ओंकारने दुर्बीण लावून काही दिसते का पाहिले. अर्थातच काही दिसले नाही. सहा इंचांच्या आरशातून ताऱ्याचा झगझगाट तेवढा दिसतो.

८ नोव्हेंबर २०२०, रविवार

आता आम्ही दुसऱ्या पायरीवर आहोत. वर्गीकरणात टिकलेल्या वस्तूंची जुन्या सूचींतून चौकशी करायची, आणि ज्याला जे सापडले ते तक्त्यात भरायचे. ‘सिम्बाद’मध्ये पूर्वी कोणी या ताऱ्यावर लिहिले आहे का, ‘व्हिझिएआर’मध्ये निरनिराळ्या सर्वेक्षणांची मापे काय सांगतात, आणि ‘अलादीन’मध्ये अधिक धारदार चित्रांत वर्तुळाच्या आत काही लपले आहे का, ही तीन दारे रोज ठोठावतो.

या आठवड्यात लक्षात आलेल्या दोन सापळ्यांची नोंद करतो. पहिला तेजस्वी ताऱ्यांचा. ३.४ मायक्रॉनला आठव्या प्रतीच्या आसपास वाइजचा शोधक भरून जातो आणि त्यापुढच्या तेजस्वी ताऱ्यांचे माप अंदाजाने काढलेले असते. अशा वेळी ३.४ चे माप खरे मानून २२ शी वजाबाकी केली की नसलेली धूळ दिसू लागते. आम्ही आता अशा ताऱ्यांसाठी टूमासचे २.२ मायक्रॉनचे माप वापरतो. दुसरा सापळा सूचीतल्या इशारा-अक्षरांचा. शेजारच्या झगमगीत ताऱ्याचा विवर्तन-काटा (दुर्बिणीमुळे ताऱ्याभोवती उमटणारी उजेडाची रेघ), त्याचे भूत-प्रतिबिंब, किंवा शोधकावर मागे राहिलेला ठसा यांमुळे माप बिघडले असल्याचा संशय असेल, तर सूचीत प्रत्येक पट्ट्यासाठी एक अक्षर दिलेले असते. ते अक्षर मी एकदा पाहिले नाही आणि चार दिवस एका विवर्तन-काट्याचा अभ्यास केला. सर त्यावर काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागले.

६ डिसेंबर २०२०, रविवार

३ डिसेंबरला ताऱ्यांची अंतरे आणि गती मोजणाऱ्या गाया यानाच्या तिसऱ्या सूचीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. १४६ कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय (ज्यावरून अंतर निघते ते ताऱ्याच्या जागेतले सूक्ष्म हेलकावे) आणि निजगती आता पूर्वीपेक्षा अचूक मिळतात. दोन दिवस आम्ही उमेदवारांचा तक्ता नव्या मापांशी ताडत आहोत, आणि यात आमचा सर्वांत लाडका उमेदवार गेला.

तक्त्यातला तो क्रमांक ११७. भुजंगधारी आणि वृश्चिक यांच्या सीमेवरचा, अकराव्या प्रतीचा, तांबूस तारा. चित्रांत निर्दोष गोल, फुलीवर स्थिर, वर्तुळात एकटा, आणि १२ व २२ मायक्रॉनला ठसठशीत जादा उजेड. त्या दिशेला सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर तरुण ताऱ्यांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हा तिच्यातलाच एक धुळीत न्हालेला तरुण तारा असावा असे आम्ही धरून चाललो होतो. गायाच्या आधीच्या सूचीत त्याच्या पराशयाची अनिश्चितता मूळ मूल्याच्या निम्म्याहून जास्त होती, आणि ही गैरसोयीची बाब मी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, कोणी फारशी पाहत नाही अशा जागी, लिहून ठेवली होती.

नव्या मापानुसार त्याचा पराशय ०.४ सहस्रांश आर्कसेकंद आहे, म्हणजे तो सुमारे आठ हजार प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या अंतरावरून अकराव्या प्रतीचा दिसणारा तारा सूर्याच्या कितीतरी पट तेजस्वी असला पाहिजे. ११७ हा बाळ तारा नसून म्हातारा तांबडा राक्षसी तारा आहे. त्याच्याभोवती धूळ आहे, यात शंका नाही. पण ती त्याने स्वतःच्या वातावरणातून बाहेर सोडलेली आहे, आणि तिचा ग्रहांशी संबंध नाही. चित्रे पाहून हे कळणे शक्यच नव्हते. आमच्या चौघांचीही खूण योग्य होती आणि निष्कर्ष चुकला. ओंकारने ११७ पुढे ‘धूळ खरी, वय खोटे’ असा शेरा लिहिला आहे.

या अनुभवानंतर अनिश्चिततेचा रकाना नावाच्या लगेच पुढे आणला.

१७ जानेवारी २०२१, रविवार

नव्या मापांची तपासणी पूर्ण झाली. ऑक्टोबरपासून तक्त्यात जमलेल्या नावांपैकी आता मोजकीच उरली आहेत, आणि त्यांतल्या एकाबद्दल आज सविस्तर लिहितो.

क्रमांक २०३ हा दक्षिण आकाशातला एक मंद तांबडा बटू आहे. त्याची निजगती आणि पराशय ‘बॅन्यन सिग्मा’ या गणनापद्धतीत घातल्यावर तो कोलंबा या विखुरलेल्या तारकागटाचा सभासद असण्याची संभाव्यता बरीच वर येते. या गटाचे वय सुमारे चार कोटी वर्षे आहे. इथे प्रश्न उभा राहतो. तारा घडताना उरलेल्या वायू-धुळीची चकती साधारणपणे पन्नास लाख, फार तर एक कोटी वर्षांत संपते असे मानले जात होते. पण याच प्रकल्पातून पुढे आलेल्या काही तांबड्या बटूंनी हा समज हलवला. साडेचार कोटी वर्षे वयाच्या अशाच एका ताऱ्याभोवती अजून वायू आहे आणि तो वायू ताऱ्यावर पडतोही आहे. २०२० च्या एका निबंधात अशा चकत्यांना, कधीच मोठा न होणाऱ्या त्या गोष्टीतल्या मुलावरून, ‘पीटर पॅन चकत्या’ असे नाव दिले गेले. त्या संशोधनाच्या लेखकांच्या यादीत स्वयंसेवकांचीही नावे आहेत.

२०३ तसा आहे का, हे चित्रांतून कळणार नाही. वायू ताऱ्यावर पडत असेल तर वर्णपटात हायड्रोजनची तांबडी रेषा उंच आणि रुंद दिसेल. फक्त आदळणाऱ्या गोळ्यांची कोरडी धूळ असेल तर रेषा अरुंद, कोणत्याही सक्रिय तरुण बटूत दिसते तेवढीच राहील. तो वर्णपट घेणे आमच्या सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. दुसरी अडचण ही की २२ मायक्रॉनला त्याचा उजेड पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या जेमतेम चौपट आहे. सरांच्या मते हे पुरेसे नाही. ओंकारच्या मते १२ मायक्रॉनचे मापही त्याच दिशेने झुकते, म्हणून पुरेसे आहे. ताईंनी अलादीनमध्ये त्या जागेची चित्रे पुन्हा एकदा उघडली आणि वर्तुळाच्या कडेला, नैर्ऋत्येस, एक अत्यंत फिकट डाग दाखवला. मी तो तीन वेळा पाहिला. दोनदा दिसला, एकदा नाही.

रात्री दहाला सरांच्या गच्चीवरून अगस्तीच्या पश्चिमेला बीटा पिक्टोरिस नुसत्या डोळ्यांनी दिसला, क्षितिजापासून वीसेक अंशांवर, धुरकट हवेतून. १९८४ मध्ये ज्या ताऱ्याभोवतीची धूळचकती प्रथम छायाचित्रात पकडली गेली तो हाच, आणि ते छायाचित्र लास कॅम्पानासच्या त्याच अडीच मीटरच्या दुर्बिणीने घेतले होते जिच्याकडून २०१८ च्या निबंधातली तपासणी झाली.

२०३ चा अर्ज आज प्रकल्पाकडे पाठवला. शेऱ्याच्या रकान्यात चौघांच्या संमतीने लिहिले आहे : उमेदवार, २२ मायक्रॉनचे माप कमकुवत, नैर्ऋत्येस फिकट डागाची शक्यता, चौघांपैकी दोघांना खात्री नाही, वर्णपट हवा.